नारूदादांचे खडूचे घोडे

नारूदादा भोईर इंजिन डाव्या पायाने ऐकतात. ट्रक रोलरवर चढला, साखळ्यांनी बांधून झाला आणि ड्रायव्हरने रेस दिली की दादा डाव्या पायातली चप्पल काढतात, उघडा पाय सिमेंटच्या कोब्यावर ठेवतात आणि डोळे मिटतात. उजवी चप्पल तशीच पायात. मी एकदा विचारलं, उजव्या पायाने काय पाप केलंय? तर म्हणाले, "उजवा पाय ॲक्सिलेटरचा हाय बाय. पंधरा वर्षं गाडी चालवून बिघडलाय. त्याला सगळीच इंजिनं बरी वाटतात."

मी कोनला, कल्याण-भिवंडी रस्त्यावर पीयूसी सेंटर चालवते. पत्र्याची केबिन, एक मशीन, एक कॅमेरा, एक पंखा आणि दिवसभराचा धूर, एवढा माझा संसार. भिंतीला भिंत लागून नारूदादांची शेड. तिथे ते ट्रकची ताकद मोजतात आणि वाढवून देतात. मोजायचं यंत्र असतं त्याला डायनो म्हणतात. गाडीची मागची चाकं रोलरवर ठेवायची, गाडी जागच्या जागी पळवायची आणि रोलरला ब्रेक लावून बघायचं की ती किती जोर करते. विकत घ्यायला गेलं तर एक बंगला जातो म्हणे. दादांनी ते घरी बनवलंय. सुताला खळ लावायची एक सायझिंग बंद पडली तिथले सूत वाळवायचे दोन ड्रम आणले, त्यावर जाड पत्रा चढवला, ते झाले रोलर. ब्रेक भंगारातल्या लक्झरी बसचा. आणि जोर मोजायला एका व्यापाऱ्याकडचा सुताची गठाणं तोलायचा घड्याळी काटा. भिवंडीत जे जे बंद पडतं ते दादांच्या शेडमध्ये येऊन चालू होतं.

आता असं नका समजू की माणूस गरीब आहे. शेलारला तीन मजली बंगला आहे. जमिनीवर गोदामं उभी आहेत, भाडं घरबसल्या येतं. त्यांचे भाऊबंद पांढरे कपडे घालून, गळ्यात बोटभर जाडीची चेन घालून गाडीत फिरतात. आणि हे सकाळी नऊला ग्रीसने माखलेला लेंगा घालून ट्रकखाली शिरतात. पोरं ठाण्याला राहतात, काकू वर्षातले आठ महिने नातवंडांपाशी. एकदा मीच म्हटलं, दादा, आता बस करा, आराम करा. ते म्हणाले, "आराम करून बघितला बाय. दोन दिवस केला. न्हाय जमला."

हळदीला गेले तर नवऱ्यामुलाला हळद लावायच्या आधी हे डीजेच्या जनरेटरकडे जातात. एका हळदीला मी स्वतः पाहिलं. मांडवात पाचशे माणसं नाचतायत आणि हे मागे अंधारात एक चप्पल काढून उभे. परत येऊन जेवायला बसले आणि म्हणाले, "दुसरा नोझल गेलाय. अर्धा तास." मी हसले. भात वाढायला आला आणि गाणं बंद पडलं. सगळा मांडव ओरडायला लागला, दादा शांतपणे मटणाचा रस्सा भातावर घेत होते. नवऱ्यामुलाच्या बापाने येऊन हात जोडले तेव्हा म्हणाले, "जेवून उठतो ना. तो कुठं पळतोय."

माणसांना ते नावाने ओळखत नाहीत, घोड्यांनी ओळखतात. घोडे म्हणजे हॉर्सपॉवर. बाजारात कुणी भेटला तर माझी ओळख करून देणार, "हा आपला एकशे सत्तर. आनि तो पानपट्टीवर उभा हाय तो एकशे पंच्याण्णव." शेडच्या भिंतीवर हे सगळे आकडे खडूने लिहिलेले. गाडीचा नंबर, खाली घोडे. ट्रान्सपोर्टवाले मालक येऊन त्या भिंतीसमोर फोटो काढतात.

त्यांचं गणितही ऐकण्यासारखं. काट्यावर जो जोर दिसतो तो चाकांचा. पण इंजिनाने दिलेली सगळी ताकद चाकांपर्यंत येत नाही, वाटेत कमी होते, हे खरंच आहे. दादा त्याला खाणं म्हणतात. "गियरबॉक्स खातो. जॉइंट खातो. टायर खातो. माझ्या जमिनीचं पन असंच झालं, हाय का न्हाय?" मग भिंतीकडे तोंड करून, बोटं मोजत, ते खाल्लेले घोडे परत मिळवतात. कोण किती खातं याचा हिशेब फक्त त्यांनाच माहीत. मालक मान डोलवतात. आकडा मोठा निघतो.

आठ वर्षांपूर्वी मी केबिन टाकली त्या दिवशीच आमचं वाजलं. मला कुणीतरी सांगितलं की शेजारचा माणूस ट्रकची ताकद वाढवतो. ताकद वाढवायची म्हणजे इंजिनाच्या पंपातून डिझेल जास्त सोडायचं, आणि डिझेल जास्त म्हणजे धूर काळा. मी तडक शेडमध्ये गेले आणि सांगितलं, "दादा, तुमच्या गाड्या माझ्या मशीनवर नापास होणार आणि मी कुणाचं ऐकणार नाही. मी खोटा आकडा आयुष्यात देणार नाही." ते ट्रकखाली होते. नुसते पाय दिसत होते. खालून आवाज आला, "बरं हाय. कुनीतरी खरा द्यायला पायजे."

मी वाट बघत बसले. त्यांच्या शेडमधली पहिली गाडी आली, पास. दुसरी आली, पास. तिसरी तर अशी स्वच्छ की मला माझ्याच मशीनचा संशय आला. कंपनीचा माणूस बोलावून मशीन तपासून घेतलं. ठीक आहे म्हणाला. महिन्याभराने परत बोलावला. तो वैतागला. मग एक गाडी माझ्याकडे सकाळी आली, तिथून दादांच्या शेडमध्ये गेली, संध्याकाळी भिंतीवर "एकशे ऐंशी" लागला, आणि मालकाला काय वाटलं कोण जाणे, जाता जाता पुन्हा धूर तपासून घेतला. सकाळचा आकडा आणि संध्याकाळचा आकडा जवळजवळ सारखाच. मालक मला सांगत होता, ताई, पायाखाली वाघ आहे वाघ. मी मशीनकडे बघत होते. डिझेल वाढलंच नव्हतं तर वाघ आला कुठून?

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अख्ख्या भिवंडीत ज्याच्या नावाने मालक छाती फुगवतात, तो माणूस पंपाला हातच लावत नव्हता. फिल्टर साफ करायचा, नोझल बसवायचे, कुठे हवा गळत असेल ते बंद करायचं, टायमिंग लावायचं. त्यात जे दहा-पंधरा घोडे परत मिळतात ते मिळायचे. बाकी खडूने. मी बोलले नाही कुणाला. माझा आकडा खरा होता, शेजाऱ्याच्या भिंतीचं मला काय करायचंय. पण एक कोडं सुटत नव्हतं. एवढ्याशा कामाला हा माणूस दरवेळी गाडी अर्धा दिवस ठेवून घेतो आणि तिच्याखाली जाऊन पडतो ते कशाला?

हे सगळं असंच चाललं असतं. पण दादांचा चुलत पुतण्या, संदेशशेठ, त्याने सगळं उघड्यावर आणलं. संदेश तिशीच्या आतला, सहा ट्रकांचा मालक, चेन बाकीच्या भाऊबंदांच्या चेनपेक्षाही जाड. सहाही गाड्या काकांकडेच यायच्या. एक दिवस सकाळी अकराला तो आला तो तीन मित्रांना घेऊन. मागून मुश्ताक ट्रक घेऊन आला. मुश्ताक म्हणजे संदेशचा सगळ्यात जुना ड्रायव्हर, इथला भिवंडीचाच, पन्नाशीचा, कमी बोलणारा.

संदेशच्या हातात छापील कागद होता. "काका, अंबाडीच्या पुढे नवीन डायनो लागलाय. कॉम्प्युटरवाला. काल ही गाडी तिथे नेली. तुमच्या भिंतीवर एकशे पंच्याऐंशी. यांच्या कागदावर एकशे बेचाळीस. त्रेचाळीस घोडे गेले कुठे?"

दादांनी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "छपाई चांगली हाय," म्हणाले.

मित्र हसले. संदेशचे कान लाल झाले. "हसण्यावारी नेऊ नका. सिन्नरहून लोखंड आणायचंय मला. खेपेला दोन टन जास्त टाकायचा शब्द दिलाय पार्टीला. गाडीत दम नाही तर माझी इज्जत गेली. आणि बाहेर लोक म्हणतायत की माझ्या काकाला काम येत नाही, नुसता खडू येतो."

ते शेवटचं वाक्य लागलं. मी केबिनच्या दारात उभी होते, मला दिसलं. दादांनी पाना उचलला. पंपाचं सील काढलं, स्क्रू फिरवला, अजून फिरवला. दहा मिनिटं लागली असतील. मुश्ताकला म्हणाले, "चढव."

गाडी रोलरवर पळायला लागली आणि शेड थरथरली. धूर असा काळा निघाला की माझी केबिन दिसेनाशी झाली, मी पदर नाकाला लावून शिव्या घालत बाहेर आले. सुताच्या काट्याची सुई कधी गेली नव्हती तिथे जाऊन टेकली. दादांनी भिंतीकडे बघितलंही नाही. संदेशला म्हणाले, "तूच वाच. तुझ्या मोबाइलवर गुन." संदेशने गुणाकार केला. चाकांवरच एकशे सत्तर आले, खाल्लेले न धरता. मित्रांनी टाळ्या वाजवल्या. एकाने तर दादांच्या पायाला हात लावला.

तिथेच सगळं मिटलं असतं. काकांचं नाव राहिलं असतं, सहा गाड्या राहिल्या असत्या. पण दादा पुन्हा वाकले आणि स्क्रू उलटा फिरवायला लागले.

"हे काय करता काका?"

"पाठी घेतो."

"का पण?"

"हा दम तुला दिला की तू दोन टन टाकशील. गाडी चढ मस्त चढंल. मंग कसारा उतरायचा हाय. उतरताना घोडे काय करतात? तेव्हा ब्रेक लागतो, आनि ब्रेक कंपनीने दिलाय तेवढाच हाय. तो मना वाढवता येत न्हाय." त्यांनी स्क्रू जागेवर आणून पाना पुसला. "तू हापिसात असशील. गाडीवर हा असंल."

मुश्ताक खाली बघत होता. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "दादा, दहा मिनिटांचं काम आहे तर अर्धा दिवस गाडीखाली काय करता तुम्ही?"

उत्तर मुश्ताकने दिलं. "ब्रेक बांधतात, ताई. आवळून नीट लावतात, चारी चाकांचे. दर टायमाला. बोलतात, शेठला सांगू नको, फुकट टाइम घालवला बोलेल."

संदेशने भिंतीवरच्या आकड्यांकडे बघितलं. मग म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं फसवलंत."

"हां. फसवला," दादा म्हणाले. "पंधरा घोडे खरे हायत. बाकी खडूचे."

संदेशने चावी घेतली आणि सहाही गाड्या अंबाडीच्या डायनोवर गेल्या. भिवंडीत बातमी पसरायला किती वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी पानपट्टीवर माणसं दादांकडे खडू मागायला लागली, "काका, एक खडू द्या, स्कूटरचे घोडे वाढवायचेत." आठवड्यात शेड रिकामी झाली. जे मालक भिंतीसमोर फोटो काढायचे ते रस्त्यातून जाताना मान वळवून घ्यायचे. मला भयंकर राग यायचा. दादांचाही यायचा. अहो, एवढं होतं तर एक दिवस गप्प बसायचं, स्क्रू तसाच ठेवायचा. जग काय तुमच्या एका स्क्रूवर चाललंय?

ते मात्र रोज नऊला शेड उघडत. झाडून काढत. रोलरला तेल देत. दहापर्यंत सगळं आटोपलं की माझ्या केबिनमध्ये येऊन बसत आणि माझं डोकं खात. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला सल्ला, प्रत्येक रिक्षाला नावं. मी एकदा चिडून म्हटलं, "दादा, घरी जा ना जरा."

"घरी कुठं जाऊ?" ते म्हणाले. "तीन मजले हायत. कुठल्या मजल्यावर बसू?"

मी चहा मागवला.

पावसाळा सरून गेल्यावरची गोष्ट. दुपारचे चार वाजले असतील. दादा माझ्या केबिनमध्ये स्टुलावर बसले होते आणि त्यांचा फोन वाजला. इंजिनांच्या आवाजाने त्यांचे कान कधीच गेलेत, त्यामुळे फोन नेहमी स्पीकरवर.

"काका, मुश्ताक बोलतोय. इगतपुरीच्या पुढे उभा आहे. घाट चालू होईल आता."

"माल किती?"

"दोन टन वर. काका, ब्रेक उशिरा धरतोय. सकाळपासून. अंबाडीवाल्याने चाकाकडे बघितलं पण नाही. शेठला फोन केला, तो बोलला, टाइमात ये." मागून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. "मीच करायला घेतलं, पण हात विसरला. आठ वर्षं तुम्ही मला पाना धरू दिला नाही."

मी दादांकडे बघितलं. मी त्यांच्या जागी असते तर म्हटलं असतं, विचार तुझ्या शेठला, विचार त्या कॉम्प्युटरला. दादा म्हणाले, "घाबरू नको. आयक. आधी चाकांना दगड लाव. पुढून लाव, उतार पुढं हाय. लावलास?"

"लावले."

"मंग हँडब्रेक सोड, न्हायतर ब्रेक आवळता येत न्हाय. दगडाआधी सोडू नको कधी. आता मागच्या डाव्या चाकाखाली जा."

फोन तिकडे जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. दादांनी इकडे हवेत हात पुढे केला आणि नसलेला बोल्ट फिरवायला लागले. "आवळ. पार बसेपर्यंत आवळ. बसला? आता अर्धा आटा पाठी. अर्धाच." एक चाक झालं. दुसरं झालं. तिसऱ्याचा बोल्ट गंजला होता, तिथे किती वेळ गेला कोण जाणे. दादा आवाज चढवत नव्हते. पोराला पाढे शिकवावेत तसे सांगत होते. बाहेर एक टेम्पोवाला पीयूसीसाठी हॉर्न देत होता. मी त्याला दारातून सांगितलं, मशीन गरम होतंय, थांबा. असला बहाणा मी आठ वर्षांत पहिल्यांदा केला.

"झाले चारी," मुश्ताकचा आवाज आला. दम लागला होता त्याला.

"दुसऱ्या गियरला उतर. ब्रेकवर पाय ठेवून बसू नको. दाब, सोड. दाब, सोड. पाठचा कितीपन हॉर्न मारू दे. खाली कसाऱ्याला पोचलास की फोन कर. आता ठेव, चालवताना बोलू नको."

फोन बंद झाला. दादा म्हणाले, "पाऊन तास लागंल." मग आम्ही दोघं बसलो. टेम्पोवाला कंटाळून हॉर्न वाजवायचा थांबला. दादा उठले, दारापर्यंत गेले, परत येऊन बसले. एकदा म्हणाले, "त्याच्या मुलीचं बारावीचं वर्ष हाय." अजून थोड्या वेळाने म्हणाले, "हुशार हाय." आठ वर्षं मी या माणसाला विक्षिप्त म्हणत आले होते, लबाडही म्हणाले होते मनातल्या मनात.

पाऊण तास झाला. फोन आला नाही. दादांनी तो उचलून बघितला, खाली ठेवला. मीही घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघत राहिले. अजून दहा मिनिटं गेली असतील.

मग वाजला.

"पोचलो, काका. ब्रेक थंड आहेत."

"बरं," दादा म्हणाले. एवढंच. मग म्हणाले, "चहा घे कायतरी. जेवलास काय?"

"जेवतो आता. काका, ऐका ना. पाठी आपल्याच अजून दोन गाड्या येतायत. उद्या बाकीच्या तीन. सगळ्यांना तुमचा नंबर दिलाय. घाटाच्या वर आले की फोन करतील. चालेल ना?"

"चालंल," दादा म्हणाले. "मी हाय हितंच."

फोन बंद करून त्यांनी तो लेंग्याला पुसला, डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि थोडे ओशाळून माझ्याकडे वळले. "बाय, तुझ्याकडं चार्जर हाय काय? याच्यात दोनच टक्के राहिलेत."

चार्जर होता. पण केबिनमध्ये प्लग एकच, आणि बाहेर टेम्पोवाला पुन्हा हॉर्न द्यायला लागला होता. मी पीयूसीच्या मशीनचा प्लग काढला आणि तिथे दादांचा फोन लावला.